‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ या नाताळगीताची चाल खरंच जर्मन संगीतकार मेंडेल्सनची आहे का? त्याने ती चर्चसाठीच केली होती का?

चाल त्याचीच आहे, शंभर टक्के. चर्चसाठी मात्र केलेली नव्हती. उलट या चालीवर धार्मिक शब्द अजिबात बसणार नाहीत, असं त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाच्या कागदावर ‘संगीत : मेंडेल्सन’ असं छापलं होतं आणि तुम्हाला ती थाप वाटली. शंका यायला जागा आहे. नाताळगीतांना मोठ्या संगीतकाराचं नाव चिकटवून द्यायची खोड जुनीच. ‘जॉय टू द वर्ल्ड’ला हँडलचं नाव सर्रास लावतात, पण हँडलच्या कुठल्याही रचनेत ती चाल अख्खी सापडत नाही. अमेरिकेतल्या लोवेल मेसनने तिला आजचं रूप दिलं आणि वर ‘हँडलवरून’ असं लिहून दिलं, तेव्हापासून ते नाव चाललंय. इथे तसं काही नाही. इथे मूळ रचना हातात आहे, तिची तारीख ठाऊक आहे, आणि ज्याने चाल उचलली त्याचं नावही ठाऊक आहे.

मी आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गेली वीस-बावीस वर्षं पेटी वाजवतो, अलीकडे कीबोर्ड. डिसेंबर लागला की हे गीत माझ्या मानगुटीवर बसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दांचं. शब्द चार्ल्स वेस्लीचे, 1739 सालच्या ‘हिम्स अँड सेक्रेड पोएम्स’ या संग्रहातले. मेथडिस्ट ही प्रॉटेस्टंट ख्रिस्ती चळवळ ज्या दोन भावांनी उभी केली त्यातला हा धाकटा. सहा हजारांहून जास्त गीतं लिहिली या माणसाने. त्याच्या मूळ गीताची पहिली ओळ आज कुणाला ओळखूही येणार नाही : ‘हार्क, हाउ ऑल द वेल्किन रिंग्ज, ग्लोरी टू द किंग ऑफ किंग्ज’. वेल्किन म्हणजे आकाशाचा घुमट, नभोमंडळ म्हणा. तेव्हाच्या इंग्रजांनाही तो शब्द जुनाट वाटत असावा. त्याचा मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड याने 1753 मध्ये आपल्या संग्रहात हे गीत घेताना ती ओळ बदलली आणि ‘हेरल्ड एंजल्स सिंग’, म्हणजे वर्दी आणणारे देवदूत गातायत, हे शब्द आले. गंमत अशी की लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत देवाची स्तुती करत ‘म्हणाले’ असं आहे, ‘गायले’ असं कुठेच नाही. वेस्लीने त्यांना गायला लावलं नव्हतं. व्हाइटफील्डने लावलं आणि तेच जगभर झालं.

वेस्लीबंधूंना असली ढवळाढवळ मुळीच आवडायची नाही. थोरला जॉन वेस्ली आपल्या 1780च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत जवळजवळ हात जोडून सांगतो की आमची गीतं खुशाल छापा, पण ती सुधारायला जाऊ नका, ते तुम्हाला खरोखरच जमणारं नाही. एवढं सांगूनही आज आपण गातो ती सुधारलेलीच आवृत्ती. आणि खरं सांगायचं तर या एका ओळीत सुधारणारा जिंकला. ‘वेल्किन’ घेऊन हे गीत अहमदनगरपर्यंत पोचलं नसतं.

आता चाल. साल 1840, गाव जर्मनीतलं लाइपझिग. तेव्हा लाइपझिग म्हणजे पुस्तकांचं गाव. छापखाने, प्रकाशक, पुस्तकांची जत्रा. गुटेनबर्गने छपाईचा शोध लावला त्याला चारशे वर्षं झाली म्हणून त्या जून महिन्यात गावाने मोठा उत्सव केला. फेलिक्स मेंडेल्सन तेव्हा 31 वर्षांचा, गावातल्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख. त्याने उत्सवासाठी दोन रचना दिल्या. एक आतली, एक बाहेरची. आतली म्हणजे ‘लोबगेझांग’, त्याची दुसरी सिम्फनी, सेंट थॉमस चर्चमध्ये झाली. हे तेच चर्च जिथे थोर संगीतकार बाखने आयुष्यातली शेवटची 27 वर्षं काढली. बाहेरची म्हणजे ‘फेस्टगेझांग’, उत्सवगीत. ती 24 जूनला बाजारचौकात उघड्यावर झाली. पुरुषांचा कोरस आणि पितळी वाद्यांचे दोन ताफे. व्हायोलिन नाहीत, बायकांचे आवाज नाहीत.

या ‘फेस्टगेझांग’चे चार भाग. पहिला आणि शेवटचा कोरालच्या धाटणीचा, म्हणजे जर्मन चर्चमध्ये मंडळी मिळून गाते तसा. आपली चाल आहे दुसऱ्या भागात. शब्द आडोल्फ प्रोएल्स नावाच्या शिक्षकाचे : ‘फाटरलांड, इन डाइनेन गाउएन...’ मायभूमी, तुझ्या प्रांतांत एके काळी सोनेरी दिवस उगवला, वगैरे. आणि शेवटी गजर : ‘गुटेनबर्ग, डेअर डॉयचे मान’, गुटेनबर्ग, जर्मन माणूस, त्याने मशाल पेटवली. आपण आज जिथे ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ असं टिपेला जाऊन पुन्हा म्हणतो, तिथे लाइपझिगचे पुरुष छापखान्याच्या जनकाचं नाव घेत होते.

चार भागांत दोन भाग चर्चच्या वळणाचे होते, पण ते चर्चने घेतले नाहीत. घेतला तो नेमका बँडचा भाग.

आता ते पत्र. ‘फेस्टगेझांग’ इंग्लंडमध्ये छापायचं ठरत होतं, तिथल्या प्रकाशकाला जर्मन शब्दांऐवजी इंग्रजी शब्द हवे होते. मेंडेल्सन आयुष्यात इंग्लंडला एकूण दहादा गेला, इंग्रजी उत्तम लिहायचा. 1843च्या एप्रिलमध्ये त्याने प्रकाशकाला इंग्रजीतच कळवलं की या दुसऱ्या भागाला योग्य शब्द मिळाले तर गाणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना तो फार आवडेल, पण धार्मिक शब्द त्याला कधीच चालणार नाहीत. विषय राष्ट्रीय आणि आनंदी हवा. चालीत जी शिपाईगडी ऐट आहे, जो धष्टपुष्ट ठसका आहे, त्याच्याशी शब्दांचं नातं हवं.

हे लिहिणारा माणूस धर्माला नाकं मुरडणारा नव्हता, हे इथे सांगायला हवं. मेंडेल्सन जन्माने यहुदी, तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सनचा नातू. सात वर्षांचा असताना 1816 मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो मनापासून प्रॉटेस्टंट राहिला. विसाव्या वर्षी, मार्च 1829 मध्ये, बर्लिनमध्ये त्याने बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखभोगाची संगीतकथा, पुन्हा उभं केलं, जे लाइपझिगबाहेर जवळपास कुणाला माहीतच नव्हतं. पुढे ‘एलाय्जा’सारखं प्रचंड धार्मिक काम केलं. चर्चचं संगीत कशाला म्हणतात हे त्याच्याइतकं कळणारे तेव्हा युरोपात मोजकेच. म्हणूनच त्याने स्वतःच्या चालीकडे बोट दाखवून ‘ही त्यातली नव्हे’ म्हटलं, तर ते नुसत्या विनयाने म्हटलेलं नाही.

मग हे झालं कसं? विल्यम हेमन कमिंग्ज नावाच्या एका तरुणामुळे. 1831चा जन्म, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, गाणारा. एप्रिल 1847 मध्ये लंडनच्या एक्झिटर हॉलमध्ये मेंडेल्सनने स्वतः ‘एलाय्जा’ चालवलं तेव्हा कोरसमध्ये हा पंधरा वर्षांचा पोरगा उभा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मेंडेल्सन गेला, अवघा 38 वर्षांचा. कमिंग्ज पुढे एसेक्समधल्या वॉल्थम ॲबी या जुन्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला. 1855 मध्ये त्याच्या लक्षात आलं की ‘फेस्टगेझांग’चा दुसरा भाग आणि वेस्लीचं गीत एकमेकांवर बसतात. त्याने ते आपल्या क्वायरकडून म्हणवून घेतलं, पुढच्या वर्षी छापलं, आणि 1861च्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या इंग्लंडभर चाललेल्या गीतपुस्तकात ते गेलं. तिथून पुढे त्याला कुणी अडवूच शकत नव्हतं.

वेस्ली जाऊन तेव्हा 67 वर्षं झाली होती, मेंडेल्सन जाऊन आठ. विचारणार कोणाला?

कमिंग्जने नेमकं काय केलं ते पेटीवर बोटं ठेवून बघण्यासारखं आहे. तुमच्या घरी पेटी किंवा कीबोर्ड असेल तर करून बघा.

वेस्लीचं कडवं चार ओळींचं, प्रत्येक ओळ सात अक्षरांची. अक्षर म्हणजे उच्चारात येतं ते. मेंडेल्सनच्या चालीला मात्र दहा ओळी लागतात. म्हणून दोन कडवी जोडून आठ ओळी केल्या आणि उरलेल्या दोन ओळींसाठी गीताच्या पहिल्या दोन ओळी परत आणल्या. आपल्याला वाटतं हे या गीताचं धृपद आहे. वेस्लीच्या गीताला धृपदच नव्हतं. जागा भरायला आणलेल्या त्या दोन ओळी आता अख्ख्या गीतातल्या सगळ्यात लाडक्या झाल्यात.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक. पहिल्या ओळीचे सूर असे : मंद्र प, सा, सा, नि, सा, ग, ग, रे. आठ सूर. अक्षरं सात : हार्क, द, हे, रल्ड, एं, जल्स, सिंग. म्हणून शेवटचं ‘सिंग’ दोन सुरांवर ओढावं लागतं, ग आणि रे. ‘सि-इंग’. मी कित्येक वर्षं समजत होतो की ही मुद्दाम केलेली हरकत आहे, देवदूत गातायत म्हणून शब्द लांबवलाय. मग जर्मन शब्द पाहिले : फा-टर-लांड-इन-डाइ-नेन-गाउ-एन. बरोबर आठ. म्हणजे तो ग-रे ‘गाउएन’ या शब्दाची रिकामी झालेली जागा आहे. प्रांतांच्या अनेकवचनाच्या प्रत्ययावर आपण शंभराहून जास्त वर्षं देवदूतांची तान घेतोय. दुसरी ओळ प प प म ग रे ग, सात सूर, सात अक्षरं. जर्मनमध्येही सातच, म्हणून तिथे ओढाताण नाही.

आणि चाल शिपाईगडी का वाटते तेही याच सुरांत आहे. प, सा, ग या सुरांवरूनच ती वर चढते. बिगुलावर सहज निघतील असे हे सूर. उघड्या चौकात, चारी बाजूंनी घरं, मध्ये गर्दी, अशा ठिकाणी मुरक्या-मींड घेतली तर कुणाला कळणार? तिथे पायऱ्यांसारखे ठळक सूर लागतात आणि मेंडेल्सनने तेच घातले. शेवटी एकदम ध ध ध प म ग म. तो ध म्हणजे या चालीतला सर्वांत वरचा सूर, आणि आमच्या सोप्रानो, म्हणजे उंच आवाजात गाणाऱ्या, बायका दरवर्षी तिथेच माझ्याकडे रागाने बघतात. मी पट्टी एक सूर खाली घेतली तर पुरुषांना सुरुवातीचा मंद्र प लागत नाही. कोणीतरी नाराज राहणारच.

इथे माझा या गीताबद्दलचा एकच आग्रह सांगतो. मेंडेल्सनने दिलेला नकार म्हणजे हे गीत कसं गावं याची उत्तम सूचना आहे. आपल्याकडे, निदान मी ज्या मंडळ्यांत ऐकलंय तिथे, हे गीत रडवेलं करून म्हणतात. संथ लय, प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबा, मान खाली. दोन वर्षांपूर्वी सरावाच्या वेळी मी पेन्सिलीने टेबलावर ठोका धरला आणि लय सरळ दीडपट केली. पहिलं कडवं संपायच्या आत क्वायरमधल्या एक मावशी थांबल्या. सत्तरीच्या पुढच्या, गीतपुस्तक न उघडता गाणाऱ्या. म्हणाल्या, “अरे, देवदूत गातायत बाबा, परेड नाही चाललेली.”

मी म्हटलं, “मावशी, परेडच आहे. ज्याने चाल केली त्यानेच तसं लिहून ठेवलंय.”

पत्राची गोष्ट सांगितली. मावशींनी ऐकून घेतली आणि विचारलं, “मग त्याचं ऐकायचं तर हे गीत चर्चमध्ये म्हणायचंच नाही ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी पाळकसाहेबांनी मध्यममार्ग काढला : पहिली दोन कडवी माझ्या लयीत, तिसरं मावशींच्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण तिसऱ्या कडव्यात जन्म, मरण आणि नव्या जन्माचे शब्द आहेत, आणि लय उतरल्यावर ते पहिल्यांदाच नीट ऐकू आले, हे मला कबूल करावं लागलं.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने लिहिलंय की बाजारातली चाल देवाच्या गीताला लावणं बरं नव्हे. हे मला पटत नाही. चर्चच्या चालींपैकी किती तरी अशाच आल्यात. गुड फ्रायडेला जी ‘ओ सेक्रेड हेड’ची चाल ऐकून लोक डोळे पुसतात, ती हान्स लिओ हास्लरच्या 1601च्या प्रेमगीताची आहे, एका मुलीने मन गोंधळवून टाकलंय अशी तक्रार आहे त्यात. आणि आपण मराठी माणसांनी याचं नवल करू नये. संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक तमुक’ असं लिहिलेलं असतं, आणि ते अमुक तमुक कधी लावणी असते, कधी भजन. आपल्या भाषेत ‘चाल’ हा शब्दच शब्दांपासून सुटा आहे. चाल लावतात, चाल बांधतात, चाल उचलतात. कमिंग्जने उचलली.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी मंडळीत अभंग आणि भजनं आणली. त्यावरून ‘विलायती चाल की देशी चाल’ हा वाद अजूनही अधूनमधून निघतो. विलायती चालीच जणू चर्चच्या पोटी जन्मल्या आणि अभंगाची चाल मात्र बाहेरून आली, असा सूर त्यात असतो. असा वाद घालणाऱ्यांपुढे मी ही लाइपझिगची गोष्ट ठेवतो. अभंग निदान देवासाठी तरी रचला होता.

आणखी एक, थोडं बाजूचं. लाइपझिगमध्ये गेवांडहाउससमोर 1892 मध्ये मेंडेल्सनचा पुतळा उभारला होता. तो यहुदी वंशाचा म्हणून नाझींनी नोव्हेंबर 1936 मध्ये एका रात्रीत तो काढून टाकला. गावाचा महापौर कार्ल गोर्डेलर बाहेरगावी होता. परत आल्यावर त्याने पुतळा पुन्हा बसवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा राजीनामा दिला. ज्या गावासाठी मेंडेल्सनने ‘मायभूमी’वरची चाल बांधली त्याच गावाने हे केलं. दीड महिन्याने नाताळ आला, तेव्हा इंग्लंडात घरोघरी तीच चाल गायली जात होती. पुतळ्याची प्रतिकृती 2008 मध्ये सेंट थॉमस चर्चजवळ पुन्हा बसवली गेली.

तर मुलीच्या शाळेच्या कागदावरचं ‘संगीत : मेंडेल्सन’ बरोबर आहे. काटेकोर व्हायचं तर खाली ‘जुळवणी : कमिंग्ज’ असं हवं. (लग्नात वाजतो तो ‘वेडिंग मार्च’ही याच मेंडेल्सनचा. शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकासाठी 1842 साली केलेला. राणी व्हिक्टोरियाच्या मुलीच्या 1858च्या लग्नात वाजला आणि मग सगळ्यांच्याच लग्नात शिरला. माणूस नशीबवान, त्याच्या चाली कुठे कुठे जाऊन बसल्या.)

ऐकायचं असेल तर ‘फेस्टगेझांग’ची ध्वनिमुद्रणं मिळतात; मेंडेल्सनच्या नावाबरोबर गुटेनबर्ग हा शब्द टाकून शोधा. पहिला कोराल सोडून थेट दुसऱ्या भागावर जा. पितळी वाद्यं सुरू झाली की हसू येईल, कारण सूर ओळखीचे आणि शब्द भलतेच. पहिल्या ओळीच्या शेवटी त्या ‘गाउ-एन’वर कान ठेवा.